गुडघ्याचं सांगता, मग पोटाचं का लपवता?



आज थोडं रागावूनच लिहायला बसले आहे. दोन दिवस थांबले, सामायिक करून पाहिलं, पण राग काही गेला नाही. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

गेल्या रविवारी बस्तीत स्वाध्यायाला आम्ही पंधरा-वीस जणी जमलो होतो. सगळ्या खाली सतरंजीवर. एक नवी सून, लग्नाला वर्षही झालं नसेल, भिंतीला टेकून उभीच राहिली. "बस की गं," कुणीतरी म्हणालं. ती हळूच म्हणाली, "मला खुर्ची मिळेल का? गुडघा सुजलाय, मांडी घालता येत नाही." सत्तरीच्या आज्या खाली आणि चोवीस वर्षांची पोर खुर्चीवर, म्हणून खसखस पिकली. मग आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकू समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "असातावेदनीय कर्म आहे बाळ. मुकाट्यानं भोगायचं, म्हणजे निर्जरा होते." पोरीनं मान खाली घातली.

तासाभरात ती दोनदा उठून बाहेर जाऊन आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा चेहरा उतरलेला आणि ओढणी पोटाशी घट्ट धरलेली. बाकीच्यांनी तिचा गुडघा पाहिला. मी तिचं पोट पाहिलं. कारण बारा वर्षांपूर्वी मीही अशीच ओढून-ताणून हसत बसायची.

आणि तरीही मी त्या दिवशी गप्प बसले. काकूंचा मान राखला. तो मान राखताना त्या पोरीचं काय झालं, हा विचार घरी आल्यावर आला. म्हणून हे उत्तर आता, उशिरा.

माझी गोष्ट आधी सांगते. चौतीस वर्षांची होते. आधी उजवा गुडघा सुजला, मग घोटा. सकाळी उठल्यावर तासभर पाऊल टेकवत नसे. भिंतीला धरून न्हाणीत जायचं, ओट्याशी उभं राहून कणीक मळायची, आणि चपात्या होईपर्यंत पाय जरा सैल व्हायचा. दुपारी पडले की पुन्हा आखडायचा. घरात सगळ्यांनी निष्कर्ष काढला, "कामाला लागली की बरी असते, आडवी झाली की दुखतं. उलटंच आहे हिचं!" म्हणजे नाटक करते, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण मला ते ऐकू यायचं.

मैत्रिणींनो, हे उलटं नव्हतं. सूज येणाऱ्या संधिवाताची ती खूणच आहे. झिजेचा गुडघा चालून दुखतो आणि विश्रांतीनं थांबतो. सुजेचा सांधा विश्रांतीनं आखडतो आणि हालचालीनं सुटतो. सकाळचा आखडलेपणा अर्धा तास, तास टिकत असेल तर ते वय नाही, आळस नाही, नाटक तर नाहीच. एवढं एक वाक्य तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक असतं तर माझे कितीतरी अश्रू वाचले असते.

आता न सांगितलेला भाग. त्याच वर्षी मला दिवसातून पाच-सहा वेळा संडासला जावं लागायचं. चिकट पडायचं, कधी रक्त. मी ठरवून टाकलं, मूळव्याध. मेडिकलमधून मलम आणलं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आमचं घर जुनं, संडास परसात एकच. सासरे ओसरीवर बसलेले असायचे. त्यांच्यासमोरून सकाळी चौथ्यांदा जाताना पाय जड व्हायचे ते गुडघ्यामुळे नव्हे. सोवळ्यात असताना जावं लागलं की पुन्हा अंघोळ. हिवाळ्यात तीन-तीन अंघोळी केल्या. शेवटी पहाटेचा अभिषेक सोडला. "हिचं धर्मात मन राहिलं नाही" हेही ऐकून घेतलं. पण पोटाचं बोलले नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे झाला, रक्त तपासलं. आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला. "आमवात नाही, घाबरू नका," म्हणून दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. गुडघा थोडा शांत झाला, पोट मात्र जास्तच बिघडलं. तरी मी त्यांना पोटाचं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दोष निम्मा-निम्मा. त्या गोळ्या आतड्याची सूज भडकवू शकतात, हे मला फार नंतर कळलं.

अशी चार वर्षं गेली. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा दुसऱ्या गावच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघा पाहिला, घोटा पाहिला, आणि एकदम विचारलं, "ताई, पोट कसं असतं? शौचाला रक्त पडतं का?" शेजारी नवरा बसला होता. मी म्हणाले, "नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याला केसपेपर करायला बाहेर पाठवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी रडले आणि सगळं सांगितलं. दुर्बिणीची तपासणी झाली. निदान निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि व्रण. आतड्याचं औषध सुरू झालं, पोट निवळत गेलं, आणि पाठोपाठ गुडघाही उतरला. ज्या गुडघ्याला मी चार वर्षं निर्गुडीचा पाला बांधला, त्याचं मूळ पोटात होतं.

आता हे काय असतं ते माझ्या भाषेत सांगते. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे मुख्य आजार दोन, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. तिच्यात अनुवंशाचा भाग आहे, आतड्यातल्या जंतूंचा आहे. तो संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. या आजारात आतड्याबाहेर जे जे दुखतं त्यात सांध्यांचा नंबर पहिला. काहींचे गुडघा-घोट्यासारखे चार-दोन मोठे सांधे सुजतात आणि ते पोटाबरोबर चढतात-उतरतात, जसे माझे. काहींचे हातांचे बारीक सांधे दुखतात आणि ते पोटाच्या तालावर चालत नाहीत. काहींची कंबर धरते, पहाटे दुखण्यानं जाग येते. कंबरेचं हे दुखणं पोट शांत असतानाही चालू राहतं. कधी सांधे आधी दुखतात आणि पोटाचा आजार नंतर उघडा पडतो. कुणाचे डोळे लाल होऊन दुखतात, कुणाच्या नडगीवर दुखऱ्या लाल गाठी येतात. या सगळ्यात आर. ए. फॅक्टर बहुधा निगेटिव्हच असतो. म्हणून तो कागद निगेटिव्ह आला की "काही नाही" म्हणून कपाटात ठेवू नका.

दुसरा प्रकार जंतूंचा. आमच्या शेजारची कॉलेजातली मुलगी मैत्रिणींबरोबर सहलीला गेली, आल्यावर चार दिवस ताप आणि जुलाब. बरी झाली, सगळे विसरले. तीनेक आठवड्यांनी घोटा सुजला, टाच टेकवेना, डोळे लाल झाले. डोळे एका डॉक्टरांना दाखवले, पाय दुसऱ्यांना. जुलाबाचं कुणालाच सांगितलं नाही, कारण "ते तर केव्हाच बरं झालं होतं!" नेमकं तेच सांगायला हवं होतं. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, यर्सिनिया या जंतूंनी पोट बिघडलं की काहींना एक ते चार आठवड्यांत सांधे धरतात. याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. सांध्यात पू नसतो. पोटातल्या जंतूंशी लढायला उठलेली यंत्रणा सांध्यांवर घसरते. एचएलए-बी२७ हा अनुवंशिक घटक असणाऱ्यांना धोका जास्त, पण तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं रेंगाळतं.

हे ज्ञान आलं कुठून? सैनिकांकडून. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, हगवणीनंतर सांधे आणि डोळे धरलेल्या सैनिकांची वर्णनं जर्मन आणि फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमध्ये हगवणीची मोठी साथ आली. तिच्यानंतर सांधे धरलेल्या ३४४ रुग्णांची नोंद पारोनेन नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली छापली. मला त्यात एकच गोष्ट खुपते. सैनिकाला हगवण झाली की ती वहीत लिहिली जाते. कुणी लाजत नाही, कुणी लपवत नाही. म्हणून पोट आणि सांधा यांचा धागा सापडला. आमच्या घरातल्या बायकांची वही कुठे आहे? आमची हगवण आमच्याबरोबरच जाते.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या शब्दात हा धागा होताच. आमवात. आम म्हणजे न पचलेलं. आयुर्वेदातला आम म्हणजे आजची आतड्याची सूज, असं मी म्हणत नाही. पण सांध्याचं दुखणं पाहताना पोट विचारायचं, एवढं शहाणपण त्या शब्दात होतं. आपण शब्द ठेवला आणि पोटाला मात्र लाजून पदराआड केलं.

आता काकूंच्या बोलण्याकडे येते. काकू, तुम्ही मला आईसारख्या, पण हे बोलणं मला मान्य नाही.

असाता कर्माचा उदय असतो, हे मी मानते. पण उदयाला आलेलं कर्म फळ देऊन गळून जाणं ही सविपाक निर्जरा. ती झाडाझुडपांचीही होते, त्यात आपली काय कमाई? आणि दुखऱ्या अंगानं, कुढत, चोरून रडत काढलेले दिवस म्हणजे पीडाचिंतन. चार आर्तध्यानांतलं ते एक. त्यानं जुनं सुटतं त्यापेक्षा नवं बांधलं जातं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीयाचा आस्रव कशानं होतो हे सांगितलं आहे, त्यात दुसऱ्याला दिलेल्या दुःखाबरोबर स्वतःला दिलेलं दुःखही धरलं आहे. मग तिथे तपाचं काय, असा प्रश्न येतो, आणि पूज्यपाद आचार्य सर्वार्थसिद्धीत वैद्याचा दाखला देतात. करुणेनं गळू फोडणारा वैद्य वेदना देतो, पण त्याला पाप लागत नाही. विचार करा, आचार्यांनी दाखला दिला तो वैद्याचा. औषध न घेता कण्हत बसलेल्या रोग्याचा नव्हे.

आणि निर्विचिकित्सा? सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं हे अंग आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. उद्दायन राजाची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? रोगानं जर्जर मुनीचं रूप घेऊन देव आला, आहार घेऊन ओकला, आणि राजानं किळस न करता स्वतःच्या हातानं ते साफ केलं, मुनींचं अंग धुतलं. दर वर्षी ही गोष्ट ऐकून आपण माना डोलावतो. मग घरातली सून "मला संडासला रक्त पडतं" म्हणाली की आपल्या कपाळाला आठी का? किळस जिंकणं हे धर्माचं अंग असेल, तर आजारी शरीराची लाज हे कोणत्या धर्माचं अंग? लाज ही आपली जुनी सवय आहे. तिला धर्माची साडी नेसवू नका.

"आपलं खाणं एवढं शुद्ध, कांदा नाही, बटाटा नाही, रात्री जेवण नाही. आपल्याला असले आजार कसे होतील?" हे मला माझ्या सख्ख्या जावेनं विचारलं होतं. होतात. आतड्याची सूज हा स्वयंपाकघराचा गुन्हा नाही. ती झाली म्हणजे बाईनं बाहेर काहीतरी अभक्ष्य खाल्लं, असा संशय घेणं ही तर मोठीच हिंसा. जंतूंचंही तसंच. बाजारची चटणी, समारंभातलं पाणी, बर्फ घातलेलं ताक, हात न धुता वाढलेला प्रसाद, यांतून जंतू येतात आणि ते आपली जात-पंथ विचारत नाहीत.

पाण्याचं तर नीट समजून घ्या. गाळून पाणी पिणं हे आपलं भूषण आहे. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक पदरी घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं तेव्हा कॉलरा जवळजवळ निम्म्यानं कमी झाला, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि त्यांच्याबरोबर कापडावर अडकतात. आपल्या पूर्वजांचा हेतू जीवदयेचा, पण फायदा आपल्यालाही झाला. तरी शिगेलासारखे सुटे जंतू कापडातून सरळ खाली उतरतात. त्यांना उकळीच लागते. २०१९च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे उकळलेल्या पाण्याचा नियम आहेच. तो फक्त त्यागींच्या आहारापुरता आणि पर्वापुरता का ठेवायचा? आणि गाळणं स्वच्छ, वाळलेलं हवं. ओट्याचा कोपरा पुसून झाल्यावर तेच फडकं माठावर नको.

उपवासाबद्दल बोलले की मला बोल लागतील, तरी बोलते. दशलक्षणात दहा दिवस उपवास करणाऱ्या बायकांपुढे मी हात जोडते. पण सोळाकारण भावनांत जी भावना आहे तिचं नाव शक्तितस्तप आहे. शक्ती पाहून तप. रक्त पडत असताना, हिमोग्लोबिन उतरलेलं असताना, गोळ्या बंद करून निर्जळ उपवास धरणं हे शक्ती पाहून केलेलं तप नव्हे. मी एका वर्षी ते केलं. पाचव्या दिवशी बरं वाटलं, कारण पोटात काहीच नव्हतं. सगळ्या म्हणाल्या, "बघ, उपवासानं बरी झाली." पारणं झालं आणि पंधरवड्यात पुन्हा रक्त, पुन्हा गुडघा, आणि या वेळी अंथरूण. औषध मध्येच सोडलं की दबलेली सूज उसळून वर येते, हा धडा मी अंगावर घेतला. आता मी डॉक्टरांना विचारून झेपेल त्या दिवशी एकाशन करते, रसत्याग करते, स्वाध्याय वाढवते. स्वाध्याय हेही तपच आहे, अंतरंग तप.

औषधाच्या शुद्धतेची शंका खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण शंका आली म्हणून औषध गुपचूप कचऱ्यात टाकायचं नसतं, विचारायचं असतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. "हेच औषध गोळीत मिळेल का, शाकाहारी कवचात मिळेल का?" हे डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला स्पष्ट विचारा. "रात्री मी काही घेत नाही, संध्याकाळची गोळी सूर्यास्ताआधी बसवता येईल का?" हेही विचारा. माझ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत वेळा बदलून दिल्या. चार वर्षं मी ज्याची धास्ती घेतली होती ते काम दोन मिनिटांचं निघालं. जिथे पर्याय नसेल तिथे तुमच्या गुरूंना विचारा, पण आजार काय आहे ते पूर्ण सांगून विचारा. अर्धवट सांगून मिळवलेली आज्ञा ही आज्ञा नव्हे.

मला मिळालेलं पहिलं औषध सल्फासॅलाझिन. ते कुणी शोधलं, ते वाचून मला फार बरं वाटलं. स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्स नावाच्या डॉक्टर होत्या. १९३७ साली त्या प्राध्यापक झाल्या, त्यांच्या देशाच्या सरकारी विद्यापीठातली पहिली महिला प्राध्यापक. त्या औषध शोधत होत्या सांध्यांच्या सुजेसाठी, आणि त्याचा गुण मोठ्या आतड्याच्या सुजेलाही आला. सांधा आणि पोट या दोन्हींकडे एकाच वेळी पाहणारी एक बाई होती, म्हणून माझं दुखणं हललं. आता याहून नवी औषधं, इंजेक्शनंही आहेत. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. माझ्या गोळीचं नाव वाचून तुम्ही मेडिकलमध्ये जाऊ नका.

सगळ्यात जास्त राग मला ज्याचा येतो ते शेवटी ठेवलं. "मुलीचं स्थळ बघायचंय, आत्ता कुठे बोलू नका." आजार लपवून लग्न लावायचं, आणि मग ती पोर सासरी गोळ्या डब्याच्या तळाशी, तांदळाखाली लपवून ठेवते. चुकवते. एक दिवस बंद करते. मग सुजलेला गुडघा घेऊन बस्तीत भिंतीला टेकून उभी राहते. आई-बापांनो, आजारानं तुमच्या मुलीचं जेवढं नुकसान केलं नसतं तेवढं या लपवालपवीनं होतं. आजार आटोक्यात असला तर संसार होतो, मुलंबाळं होतात. भडकलेल्या आजारात दिवस गेले तर मात्र त्रास जास्त. आणि मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधं दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी थांबवावी लागतात, म्हणून मूल हवंय हे डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. नवऱ्यालाच ठाऊक नसेल तर ती हे कुणाला, कसं सांगणार? आणि सासूबाईंनो, आपल्या मुलाला हा आजार असता तर? पुरुषांनाही तो तितकाच होतो. त्याला आपण "मुकाट्यानं भोग" म्हणालो असतो का?

तेव्हा आता काय करायचं ते सांगते. एक कोरा कागद घ्या आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी लिहून काढा. सकाळी सांधे किती वेळ आखडतात? चालल्यावर सुटतात की वाढतात? गेल्या महिन्या-दीड महिन्यात जुलाब, ताप झाला होता का? दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागतं, रात्री उठावं लागतं का, रक्त किंवा चिकट पडतं का? वजन उतरलं का? डोळे लाल झाले का, टाच दुखते का, अंगावर गाठी आल्या का? घरात कुणाला असा आजार आहे का? कोणत्या गोळ्या, काढे, पुड्या चालू आहेत? तोंडानं बोलवत नसेल तर तो कागद टेबलावर ठेवा. नवऱ्यासमोर, सासूसमोर बोलवत नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणा. हा तुमचा हक्क आहे.

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने खाऊ नका. बिनलेबलच्या पुड्या आणि स्टिरॉइड तर अजिबात नको. आपल्या देशात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की तुकडा काढून तपासल्यावरही डॉक्टरांना विचार करावा लागतो. क्षय असताना सूज दाबणारी औषधं पोटात गेली तर तो पसरतो. म्हणून निदान आधी. आणि एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप भरला, किंवा डोळा लाल होऊन दुखायला, अंधुक दिसायला लागला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपण चार दानं सांगतो, त्यात औषधदान आहे. मंडळातर्फे आरोग्य शिबिरं घेतो, फोटो काढतो. परक्याला दिलेलं औषध पुण्याचं आणि घरच्या सुनेनं घेतलेलं औषध नखऱ्याचं, हा हिशेब मला कळत नाही. वैयावृत्त्य मुनींचं तर करायचंच, पण त्याची सवय लागते घरात. सकाळी सूनबाई भिंत धरून चालताना दिसली तर "काय गं, पोट कसं आहे?" एवढं विचारायचं. बाकीचं ती सांगेल.

मी काल त्या मुलीच्या घरी जाऊन आले. तिच्या सासूबाईंसमोर माझी स्वतःची गोष्ट सांगितली, संडास हा शब्द चारदा उच्चारून. सासूबाई आधी पदर तोंडाला लावून बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीला असंच होतं हो. वाकून गेली ती." त्या पोरीनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. येत्या मंगळवारी आम्ही तिघी मिळून दवाखान्यात चाललो आहोत. निदान काय निघेल ते मला ठाऊक नाही, मी डॉक्टर नाही. पण यावेळी ती पोट आणि गुडघा दोन्ही सांगणार आहे.

काकू, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. क्षमावाणीला मी नेहमीसारखी तुमच्या पाया पडेन आणि वर्षभरात मन-वचन-कायेनं जे दुखावलं असेल त्याची क्षमा मागेन. पण त्यात आजचं लिहिणं धरू नका. आणि पुढच्या रविवारी त्या पोरीसाठी खुर्ची मी घरून आणणार आहे. दोन आणीन. तुमचाही गुडघा उठताना धरतो, मी पाहिलं आहे. लाजू नका, बसा.